फोटोनंतर कोण थांबणार?

नवरात्रात राणीसावरगावला रेणुकामातेच्या दर्शनाची गर्दी असते. दसरा झाला की गंगाखेड तालुक्याचा डोंगरपट्टा रिकामा होऊ लागतो. ऊसतोडीसाठी ट्रॅक्टर भरतात, ट्रक भरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला कारखाना गाठायचा. हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत पाच-सहा महिने. मागे उरतं कोण? म्हातारी, दोन शेळ्या आणि नववीतलं पोरगं.

शेळ्यांचं काय केलं, हे शेजारी विचारतात. पोराचं कुणी विचारत नाही.

आईबापाला दोष देऊ नका. लेकराला सोबत नेलं तर शाळा बुडते, उसाच्या फडात आणि कोपीत त्याचं बालपण जातं. मागे ठेवलं तर डोळ्यांआड होतं. दोन वाईट गोष्टींतली एक निवडायची वेळ ज्याच्यावर येते, त्याला शहाणपण शिकवायला आपण कोण?

आता थोडं पुढे चला. म्हातारी आजारी पडते. शाळेच्या पटावर नाव असतं, पोरगं वर्गात नसतं. फाट्यावरच्या टपरीवर त्याला मित्र मिळतात. गुटखा मिळतो. मग कुणीतरी सांगतं, पुण्यात हॉटेलात काम आहे. गंगाखेड स्टेशनवर पनवेलची गाडी थांबते आणि ती पुण्यावरून जाते. तिकीट लागतंच असंही नाही.

फलाटावर झोपलेलं पोरगं पाहून आपण म्हणतो, ‘शहराची घाण.’ अहो, ते आपल्याच गावाहून गेलेलं आहे!

बेघर मुलं म्हटलं की आपल्याला मुंबईचा फूटपाथ आठवतो. राणीसावरगाव आठवत नाही. पण फूटपाथवरच्या प्रत्येक पोराच्या मागे एक गाव असतं, एक कुलूप लावलेलं घर असतं आणि ‘कुठं गेलं की’ म्हणून गप्प बसलेले शेजारी असतात. मुंबई-ठाण्याच्या स्थानकांवर विजय जाधव यांचं ‘समतोल फाउंडेशन’ अशी घर सोडून आलेली मुलं शोधतं. कल्याणजवळ मामणोलीला त्यांना शिबिरात ठेवतं, बोलतं करतं आणि मग आईबापाच्या हवाली करतं. मोठं काम आहे. पण जे काम फलाटावर करावं लागतं, ते गावातच का होऊ नये?

पोरगं गाडीत बसण्याआधी त्याला थांबवणारा एक माणूस लागतो. पोरगं फलाटावर पोचेपर्यंत उशीर झालेला असतो.

आपण काय करतो ते पाहू. आपण वाटप करतो. वह्या वाटतो, दप्तरं वाटतो, थंडीत ब्लँकेटं वाटतो. नेत्याचा वाढदिवस बालगृहात, मुलाचा पहिला वाढदिवस बालगृहात, वडिलांचं वर्षश्राद्ध बालगृहात. केक येतो, बॅनर येतो, मोबाइल येतात. मुलं रांगेत बसतात, हात जोडून गाणं म्हणतात. तासाभरात गाड्या वळतात.

तुमच्या स्वतःच्या मुलाने असं हात जोडून केक घेतलेला तुम्हाला चालेल का?

वाटप वाईट नाही. वही लागतेच. पण त्या वहीतलं गणित चुकलं तर विचारायचं कुणाला? नापास झालं तर घरी कसं सांगायचं? टपरीवरचा तो दादा पैसे देतो आणि पुड्या पोचवायला सांगतो, त्याला नाही कसं म्हणायचं? हे प्रश्न दप्तरात मावत नाहीत. त्यांना माणूस लागतो.

तोच माणूस कुठल्याही यादीत नसतो.

‘सरकार काय करतं?’ हा आपला ठरलेला सवाल. उत्तर ऐका. सरकार बरंच काही करतं. बालसंगोपन योजनेत एका मुलामागे महिन्याला ४२५ रुपये मिळायचे, मग ११०० झाले, २०२३ पासून २२५० आहेत. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे महिन्याला ४००० आहेत. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत. २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना मंजूर झाली, त्यात परभणी जिल्हा आहे. करोनाने ज्यांचे दोन्ही पालक नेले, त्या मुलांच्या नावे राज्याने पाच लाखांची ठेव ठेवली.

खात्यात पैसे आहेत. पाठीवर हात नाही.

आणि पैसे तरी आपोआप येतात का? वडिलांचा मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार, बोनाफाईड, बँकेचं पासबुक. एका दाखल्यावर नाव ‘ज्ञानेश्वर’, दुसऱ्यावर ‘ज्ञानोबा’. झाली फाईल परत. जिच्यासाठी योजना आहे ती विधवा बाई मजुरी बुडवून गंगाखेडला जाते, तिथून परभणीला जाते, आणि ‘साहेब मीटिंगला गेलेत’ हे ऐकून परत येते. दुसऱ्यांदा ती जात नाही.

त्या बाईसोबत तहसीलला जायला गावातल्या एका शिकलेल्या माणसाचा एक दिवस लागतो. तो दिवस कुठल्या शासन निर्णयाने मंजूर करायचा?

तुमच्या गावात ग्राम बाल संरक्षण समिती आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? कागदावर असतेच. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सचिव. कोणतं मूल शाळेबाहेर आहे, कुणाला पालक नाही, कुणाचं लग्न ठरतंय, हे याच समितीने पाहायचं. पाणीपुरवठ्याच्या टाकीवरून ग्रामसभेत दोन तास भांडणारं गाव या समितीची वही कधी मागतं?

टाकी गळली तर दिसतं. पोरगं गळलं तर पटावर फक्त एक रेघ पडते.

मुलींचं तर वेगळंच. कारखान्याला जाताना वयात आलेली मुलगी मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची? भरवशाचं माणूस नसलं की आईबाप नवरा शोधतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा २०१९-२१ चा आकडा वाचा. परभणी जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४८ टक्क्यांचं लग्न १८ वर्षांच्या आत झालेलं. राज्याचा आकडा २२ टक्क्यांच्या आसपास. राज्यात सगळ्यात वर आपण.

सोळाव्या वर्षी लग्न, सतराव्या वर्षी बाळ आणि लगेच पुढच्या हंगामात हातात कोयता. तिला ‘अजून शिक’ म्हणणारी एक शिक्षिका, एक आशाताई, एक मावशी खंबीर उभी राहिली असती तर? मंडपात जेवायला सगळं गाव होतं. आधी बोलायला एक जण नव्हता.

आता ज्यांना म्हातारीही नाही, अशा मुलांकडे या. ती बालगृहात वाढतात. तिथे जेवण असतं, शाळा असते, ताई-सर असतात. मग अठरावा वाढदिवस येतो. बालगृहाचं दार कायद्याने मागे बंद होतं. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४६ मध्ये पुढच्या सांभाळाची तरतूद आहे, नियमांनुसार २१ वर्षांपर्यंत आणि अपवाद म्हणून २३ पर्यंत. अशी अनुरक्षण गृहं मात्र राज्यात मोजकीच.

तुमचं पोरगं अठराव्या वर्षी गॅस सिलिंडर लावू शकतं का? मग त्याने खोली, नोकरी आणि आयुष्य एका आठवड्यात कसं लावायचं?

खोली बघायला गेलं की घरमालक विचारतो, ‘गाव कोणतं? घरी कोण कोण असतं?’ कॉलेजच्या अर्जावर वडिलांचं नाव. बँकेत पत्त्याचा पुरावा. कामावर ओळखीचा माणूस. आजारी पडलं तर दवाखान्यात सही करणारा. आपली मुलं ही दारं आपल्या नावावर उघडतात. यांनी कुणाच्या नावावर उघडायची?

अमृता करवंदे हिने हा प्रश्न सरकारच्या दारात नेला. अनाथाश्रमात वाढलेली मुलगी. स्पर्धा परीक्षेत गुण पुरेसे होते, पण घराणंच नसलेल्या मुलीने कोणत्या गटातून अर्ज करायचा, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. ती भांडली. २०१८ मध्ये महाराष्ट्राने शिक्षण आणि नोकरीत अनाथांसाठी एक टक्का समांतर आरक्षण दिलं. एका मुलीने हजारोंची वाट मोकळी केली.

पण त्या वाटेवर आधी अनाथ प्रमाणपत्र काढावं लागतं. ते कुठे मिळतं, हे अठरा वर्षांच्या पोराला कोण सांगणार?

‘ही मुलं काही होत नसतात,’ असं म्हणणारे गावोगावी भेटतात. त्यांनी अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला जाऊन यावं. शंकरबाबा पापळकरांनी तिथे १२३ दिव्यांग, बेवारस मुलांना सांभाळलं, त्यांना स्वतःचं आडनाव दिलं. अठरा वर्षांनंतर अशा मुलांना संस्थेबाहेर काढू नका, त्यांच्या कायमच्या पुनर्वसनाचा कायदा करा, ही मागणी ते वर्षानुवर्षं मांडत आले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

त्याच वर्षी त्यांची लेक माला पापळकर लोकसेवा आयोगाची लिपिक पदाची परीक्षा उत्तीर्ण झाली. जळगाव रेल्वे स्थानकावर कचराकुंडीत सापडलेली, दृष्टिहीन मुलगी. तिला बाबांनी वाढवलं, अमरावतीच्या अंध विद्यालयाने शिकवलं, स्पर्धा परीक्षेच्या मार्गदर्शकांनी तयारी करून घेतली. एकामागून एक माणूस उभा राहिला. कुणीही मध्येच हात सोडला नाही.

कचराकुंडी ते सरकारी नोकरी, हे अंतर केक वाटून कापता येत नाही. त्याला वीस वर्षं सोबत चालावं लागतं.

नागपूरचे विजय बारसे घ्या. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा शिक्षक. पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटकी बादली लाथाडत खेळताना दिसली, त्यांनी चेंडू दिला आणि २००१ पासून झोपडपट्टी फुटबॉल उभं केलं. भाषण दिलं नाही, सवय लावली. त्यांच्यावरचा ‘झुंड’ २०२२ मध्ये आला आणि आपण टाळ्या वाजवल्या. चित्रपटाला तीन तास लागले. मैदानाला वीस वर्षं लागली.

टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जण दुसऱ्या दिवशी मैदानावर गेले?

लांब कशाला, आपल्या शेजारच्या पालम तालुक्यात केरवाडी आहे. सूर्यकांत कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे ‘स्वप्नभूमी’ उभी केली. भूमिहीनांच्या, दुष्काळात पोळलेल्यांच्या लेकरांसाठी हे काम दशकानुदशकं चाललं आहे. आपल्याच मातीत, आपल्याच पावसावर. त्यामुळे ‘आपल्याकडे असं काही होत नाही’ हे वाक्य परभणीकराने तरी उच्चारू नये.

होतं. करणारा टिकला की होतं.

एका माणसाच्या टिकण्याचं मोल किती, हे अभ्यासही सांगतात. हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा संशोधक एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळिशीपर्यंत घेतला. गरिबी, भांडणं, दारू, आजारपण अशा घरांत वाढलेल्या मुलांपैकी जवळपास तिसरा हिस्सा धडधाकट, जबाबदार माणूस म्हणून उभा राहिला. त्यांच्यात काय होतं? इतर गोष्टींबरोबर एक ठळक होती. प्रत्येकाला किमान एक तरी मोठं माणूस कायमचं मिळालं होतं. आजी, शिक्षिका, शेजारी. कुणीतरी एक.

एक. शंभर नाही.

आता एक कठोर गोष्ट. अमेरिकेतल्या ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ या जुन्या संस्थेत मोठ्यांची आणि मुलांची जोडी लावून देतात. तिथल्या जोड्यांचा अभ्यास जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी २००२ मध्ये मांडला. ज्या मुलांना सोबत वर्षभर किंवा जास्त मिळाली, त्यांना सर्वांत जास्त फायदा झाला. आणि ज्यांची सोबत तीन महिन्यांच्या आत तुटली? त्या मुलांचा स्वतःवरचा विश्वास आणखी घसरला. सोबत न मिळालेल्या मुलांपेक्षाही खाली.

पुन्हा वाचा. उत्साहात येऊन तीन महिन्यांत गायब होणारा दादा हा न आलेल्या दादापेक्षा वाईट.

यात नवल काय? ज्या पोराला बाप सोडून गेला, त्याला ‘मी आहे ना’ म्हणून तुम्हीही सोडून गेलात, तर ते काय शिकेल? माणसं जातातच, हे. तो धडा एकदा पक्का झाला की पुढच्या माणसावर ते दातओठ खातं, शिव्या घालतं, चोरी करून बघतं. आपण म्हणतो, पोरगं हाताबाहेर गेलं. ते फक्त बघत असतं, हा तरी टिकतो का.

म्हणून पहिला नियम सोपा आहे. टिकणार नसाल तर येऊ नका.

दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा. मुलांजवळ जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी झालीच पाहिजे, मग तो कितीही प्रतिष्ठित असो. पोलीस पडताळणी हवी. भेट शाळेत, ग्रामपंचायतीत, चारचौघांत. बंद खोलीत नाही, रात्री नाही, गुपचूप भेटवस्तू नाही. मुलींसाठी बायाच पुढे याव्यात. २०१२ चा पॉक्सो कायदा उगाच झालेला नाही. ज्याला या अटींचा राग येतो, त्याला त्याच क्षणी नमस्कार करावा.

चांगल्या माणसाला पडताळणीची लाज वाटत नाही.

मग करायचं काय? फार मोठं काही नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी तासभर. एकच मूल. गॅरेजवाल्याने पान्याला हात लावू द्यावा, राबवून घेऊ नये. शिंप्याने माप घ्यायला शिकवावं. एसटीच्या कंडक्टरने परभणीचं आयटीआय दाखवून आणावं. निवृत्त गुरुजींनी नववीचं गणित घ्यावं. औषध दुकानदाराने गुटखा सुटत नाही म्हणणाऱ्याला डॉक्टरकडे न्यावं. आठवड्यातून एकदा फडात असलेल्या आईला फोन लावून द्यावा, आणि त्यावेळी बाजूला सरकावं.

उपदेश? नको. त्याने तो टपरीवरही ऐकलाय, पोलिसांकडूनही.

मूल खरोखर संकटात दिसलं तर १०९८ लावा. १९९६ मध्ये मुंबईत जेरू बिलिमोरियांनी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून ही हेल्पलाइन सुरू केली, २०२३ पासून ती सरकार चालवतं. जिल्ह्यात बाल कल्याण समिती आहे, बाल संरक्षण कक्ष आहे. मारहाण, बालविवाह, मजुरी, लैंगिक छळ, यांत गावकीचा न्याय करू नका. ‘आपसात मिटवा’ म्हणणाऱ्याने मुलाचं काहीच मिटवलेलं नसतं, फक्त मोठ्यांची अब्रू झाकलेली असते.

‘वेळ नाही’ असं म्हणू नका. निवडणुकीत महिनाभर वेळ होता.

‘आपलं रक्त थोडंच आहे’ असंही म्हणू नका. निदान गंगाखेड तालुक्यात तरी. जनाबाई इथली. परंपरा सांगते की लहानपणीच ती पंढरपुरात दामाशेटींच्या घरी ठेवली गेली. दासी म्हणून राबली, पण नामदेवांच्या त्या घरात तिला भक्तीत आणि अभंगात जागा मिळाली. सातशे वर्षं झाली, आपण तिचं नाव घेतो. रक्ताचं नातं नसलेल्या घराने एका पोरीला जागा दिली, त्याचं हे फळ.

तिचा उत्सव करायचा आणि तिच्या वयाच्या, तिच्यासारख्या परक्या दारातल्या लेकरांकडे वळून बघायचं नाही, हे कोणत्या भक्तीत बसतं?

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत एक काम करा. टाकी, रस्ता, समाजमंदिर यांच्या आधी उभे राहा आणि बाल संरक्षण समितीची वही मागा. आईबाप कारखान्याला गेलेली किती मुलं गावात आहेत? पालक नसलेली किती? शाळा सोडलेली किती? आकडा नको, नावं वाचायला सांगा. आणि प्रत्येक नावापुढे एक रकाना आखायला सांगा : या मुलासाठी गावातलं कोण?

रकाना रिकामा राहिला तर स्वतःचं नाव लिहा. वर्षभरासाठी लिहा. आठवड्यासाठी लिहिणार असाल, तर पेन दुसऱ्याकडे द्या.